चुका : शून्य

मी भिंतीकडे तोंड करून बसलेला एक संगणक बोलतोय. तोंड मी आपणहून फिरवलेलं नाही. माझ्या पाठीतल्या तारा सारख्या काढाव्या-घालाव्या लागतात, म्हणून कुणीतरी मला उलटं ठेवलं आणि मी तसाच राहिलो; पडदा तेवढा वेगळा, टेबलावर सरळ. पण आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हीही म्हणाल, बसलाय तेच बरं आहे.

आमच्या छापखान्यात शाई नाही. एक लांबट खोली, दोन खिडक्या, जाड कागदाच्या थप्प्या आणि मधोमध ब्रेल प्रिंटर. तो कागदावर रंग उमटवत नाही, ठोसे मारून टिंबं उठवतो. आवाज इतका करतो, की त्याला लाकडी पेटीत कोंडून ठेवलंय. पलीकडच्या टेबलावर बाइंडरदादा पानं शिवतात आणि प्रिंटर सुरू झाला की रोज तेच म्हणतात, "लागला बघा भांडायला!"

माझं काम दुभाष्याचं. अंध मुलांच्या शाळेतून धडे येतात, गोष्टी येतात, परीक्षेचे पेपर येतात. मी ते टिंबांत उतरवतो आणि प्रिंटरच्या हवाली करतो. कुठल्या चिन्हाला कुठली टिंबं, हे मला पाठ नाही. माझ्या पोटात एक फाइल आहे, तिला सगळे तक्ता म्हणतात. तो बघून मी बोलतो. तक्त्यात एखादं चिन्ह सापडलंच नाही, तर ते गाळून पुढं जायचं, अशी मला पहिल्या दिवसापासूनची सूचना. ही सूचना तेवढी ध्यानात ठेवा.

माझा जन्म काही थाटाचा नाही. प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या एका ऑफिसात मी चार वर्षं घासलो. तिथं नवे संगणक आले, तसा मी जिन्याखाली गेलो आणि जिन्याखालून इथं आलो. शरीर जुनं, पण माझ्यात घातलेली प्रणाली मात्र नवी कोरी होती, आणि ती अशा लोकांनी बनवलेली, ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही. तिचे शेकडो तुकडे असतात. प्रत्येकाची बांधलेली पुडी, तिला पॅकेज म्हणतात. कुठल्या तरी गावात कुणा अनोळखी माणसाला एखाद्या पुडीत भोक सापडतं. तो ते बुजवतो आणि नवी पुडी सगळ्यांसाठी कोठारात ठेवून देतो. ना ओळख, ना देख. माणसांच्या जगात याहून सभ्य गोष्ट मी पाहिलेली नाही. घेणाऱ्यानं फक्त एवढंच करायचं, कोठाराकडे वेळच्या वेळी बघायचं आणि पुडी डोळे उघडे ठेवून घरात घ्यायची.

आम्ही दोन्ही केलं नाही. आधी पहिलं केलं नाही, मग दुसरं.

पहिल्यांदा मला सांभाळायचे ते एक वायरमन. भला माणूस. पण त्यांचं एकच ब्रह्मवाक्य होतं. "चालतंय ना? मग हात लावू नका." अकरा वर्षं, तक्ता सोडला तर, माझ्यातल्या कशालाच कुणी हात लावला नाही. माझ्या अंगावर भोकं पडत गेली, बुजवणाऱ्यांनी पुड्या ठेवल्या, त्या कोठारातच राहिल्या. मग एक दिवस बाहेरचं कुणीतरी त्यातल्या एका भोकातून आत शिरलं आणि तीन आठवडे मी, अंध मुलांची पुस्तकं छापणारा, जगभर टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिराती पाठवत होतो. मला कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं. ती माझी पहिली लाज, पण मोठी नव्हे.

वायरमनच्या काळातली एक गोष्ट मात्र सोन्यासारखी. ती म्हणजे मावशी.

मावशी कुणाची मावशी हे आता कुणालाच आठवत नाही. त्या जन्मापासून पाहू शकत नाहीत आणि आमच्याकडे छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जातं. दुसऱ्याच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारे चष्मा लावतात, मावशी नखं कापतात. तक्ता आला तेव्हा तो पुष्कळ ठिकाणी आमच्या मुलांच्या कामाचा नव्हता. मावशी पान वाचायच्या, थांबायच्या आणि म्हणायच्या, "वायरमन, लिहा." वायरमन माझ्या तक्त्यात एक ओळ बदलायचे किंवा नवी घालायचे. शाळेच्या पेपरांत दशांशाचं टिंब ओळीच्या जरा वर, मधोमध देतात. ते चिन्ह तक्त्यात नव्हतंच. मावशींनी त्याच्यासाठी ओळ घालून घेतली. अशा एकेक करत अकरा वर्षांत दोनशे सात ओळी झाल्या. एका बाईची अकरा वर्षं माझ्या पोटात एका फाइलीत होती आणि तिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

जाहिरातींचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांनी आपल्या भाचीला बोलावलं. ती लांब शिकून नुकतीच परत आली होती. तिकडची चांगली नोकरी सोडून आली म्हणून घरात धुसफूस होती. इथं ती साहेबांना मामा म्हणायची, म्हणून सगळे तिला भाचीबाई म्हणू लागले. पहिल्याच दिवशी ती माझ्याजवळ मांडी घालून जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही याला आजारी पाडलंयत."

"अगं, यंत्र आहे ते."

"म्हणून काय अंघोळ घालायची नाही?"

बाइंडरदादा हसले. "घाला हो घाला. फक्त पाणी ओतू नका."

तिनं मला पुसून नव्यानं उभं केलं. तक्ता तेवढा, 'काम करतोय' म्हणून, जुन्यातून उचलून जसाच्या तसा आणला. त्यात काय आहे हे तिनं पाहिलं नाही. आणि मग तिनं भिंतीवर एक कागद लावला. माझं तोंड भिंतीकडेच असल्यामुळे तो मला पाठ आहे.

ज्या दिवशी माल जायचा, त्या दिवशी अपग्रेड नाही. आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, आणि ती नक्कल उघडून बघायची. कोठाराची यादी ताजी करायची, काय येणार आणि काय काढलं जाणार ते ओळ न् ओळ वाचायचं. बनवणाऱ्यांनी काही सूचना लिहिली असेल तर ती वाचायची. डिस्कवर जागा आहे का बघायचं. यंत्रानं प्रश्न विचारला तर उत्तर देण्याआधी फरक दाखवायला सांगायचं. झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करायचं. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या अक्षरांत: नमुना पान मावशींच्या हातात.

हे नमुना पान म्हणजे गंमत होती. त्यात मावशींनी सांगितलेली सगळी अवघड चिन्हं कोंबली होती. "मांजराचं वजन ४·२ किलो, मुंगीचं विचारू नका (हसू नका!)" असलं काहीतरी. अपग्रेड झालं की हे एकच पान छापायचं. मावशी ते वाचायच्या आणि मांजर शाबूत असेल तर मान हलवायच्या. भाचीबाईनं तो कागद ब्रेलमध्येही छापून मावशींना दिला होता. "उद्या मी चुकले, तर तुम्ही मला धरा."

एक वर्ष असं गेलं. पंधरा दिवसांनी एकदा अपग्रेड व्हायचं. मी टुणटुणीत झालो होतो. भाचीबाई शाळांशाळांतून जाऊन सांगायची, की दुसऱ्यांनी फुकट दिलेलं आपण नीट वापरलंच पाहिजे, तेच आपलं देणं. तिचे डोळे चमकायचे. साहेब म्हणायचे, "पोरगी व्याख्यानं देऊन थकत कशी नाही!"

मग तो मंगळवार आला.

वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर आदल्या दिवशी उशिरा मिळाला होता. एक्केचाळीस प्रती, दुपारी बारापर्यंत शाळेत पोचवायच्या. मावशींची दाढ काढलेली, गाल सुजून टोमॅटो झालेला, म्हणून त्या दोन दिवस रजेवर. पेपर तसा नेहमीच्याच धाटणीचा होता. तक्त्यावर भरवसा ठेवून छापायचा, असं ठरलं होतं.

साडेनवाला भाचीबाईनं बातमी वाचली, की एका पुडीत मोठं भोक सापडलंय. पुन्हा जाहिराती? खरं तर माझी बाहेरची तार उपटून ठेवली असती, तर भोक दुपारपर्यंत कुठं पळून जात नव्हतं. पण ती म्हणाली, "असं भोक ठेवून एक तासही नको."

बाइंडरदादांनी सुई थांबवली. "भाचीबाई, तुमच्याच कागदावर पहिली ओळ काय आहे?"

"दादा, नियम मी केलाय ना? मला माहितीये तो कधी मोडायचा ते."

मी यादी दाखवली. त्रेसष्ट पुड्या येणार होत्या. भोकवाली एकच. ती एकटी आणता आली असती, पण तिनं सगळ्यांनाच एकदम होकार दिला. यादी वर सरकत गेली. त्यात तक्त्याची पुडीही होती. तिची नजर घड्याळावर होती.

एका ठिकाणी मी थांबलो. तिथं मला थांबावंच लागतं. मी विचारलं, या फाइलीत इथल्या कुणीतरी बदल केलेले आहेत. पुडीबरोबर नवी फाइल आली आहे. जुनी ठेवू? नवी घालू? फरक दाखवू?

हे सगळं मी माझ्या त्या कोरड्या भाषेत विचारलं. माझ्या त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. दोनशे सात ओळी होत्या, अकरा वर्षं होती, आणि मी विचारलं कसं? बिलं मागायला आलेल्या माणसासारखं. आवाज चढवता येत नाही मला. जे फुटकळ, त्याच सुरात जे मोलाचं, तेही विचारतो.

भाचीबाईला शिकवलं होतं, की ज्या फाइलीत कुणी हातानं खुडबुड केलीये, ती मळकी. तिनं कळ दाबली. नवी घाला.

मी घातली. आणि शेवटी खाली लिहिलं: त्रेसष्ट पुड्या बदलल्या. चुका : शून्य.

ती हसली. "बघा दादा, शून्य!"

नमुना पान तिनं छापलं नाही. वाचणारं कोण होतं? तिला स्वतःला ब्रेल वाचायला येत नव्हतं. वर्षभर शिकायचं राहून गेलं होतं. साडेदहाला प्रिंटर भांडायला लागला. पेपरात दशांशाचं टिंब आलं, मी तक्त्यात पाहिलं. ओळ नव्हती. सूचनेप्रमाणे मी ते टिंब गाळलं आणि पुढं गेलो. एक्केचाळीस वेळा. बारा वाजायला वीस मिनिटं असताना गठ्ठा दारातून बाहेर पडला.

परीक्षेत काय झालं ते मला नंतर कळलं, कारण शाळेच्या मोठ्या बाई ते सांगायला इथंच आल्या. त्या वर्गात एक मुलगी आहे. कुणी काही म्हटलं की "का पण?" विचारते, म्हणून सगळे तिला वकील म्हणतात. वकिलानं हात वर केला.

"बाई, ही सायकल ताशी एकशेपंचवीस किलोमीटर जातीये."

वर्ग खिदळला. मागून कुणीतरी म्हणालं, "उतार असेल!" पर्यवेक्षक बाईंच्या हातात डोळस माणसांसाठीचा पेपर होता. त्यात साडेबारा होतं. त्यांना वाटलं, वकिलाची नेहमीची कटकट. "पेपरात आहे तसं सोडव," त्या म्हणाल्या.

मुलांनी पेपरात होतं तसं सोडवलं. पाण्याच्या बाटलीत पंधरा लिटर ओतले. अडीच मीटरची फीत पंचवीस मीटर कापली. छापलेलं चूक असू शकतं, असं वकील सोडली तर एकाच्याही मनात आलं नाही. सहा गणितं, प्रत्येकी पाच गुण. एक्केचाळीस जणांची सहाच्या सहा चुकली.

शुक्रवारी मोठ्या बाई एक उत्तरपत्रिका घेऊन आल्या. तिच्यात वकिलानं लिहिलं होतं, "सायकल एवढी पळत नाही हे मला माहीत आहे. विचारलंय म्हणून सांगते, पाचशे किलोमीटर." मोठ्या बाईंना आधी हसू आलं, मग आलं नाही. त्यांनी प्रश्नपत्रिका मावशींसमोर ठेवली. मावशींचा गाल अजून उतरला नव्हता. त्यांचं बोट त्या ओळीवरून गेलं, मागं आलं, पुन्हा गेलं.

"यात टिंब कुठंय?"

मावशींनी पुढच्या गणितावर बोट नेलं.

"माझं टिंब कुठं गेलं?"

"बघते मावशी," भाचीबाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. तिनं कळा एरवीपेक्षा जोरात दाबल्या. कळांवर कळतं ते.

मोठ्या बाई गेल्यावर साहेब तिच्या मागं येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, संगणक जुना आहे. त्यानं घात केला, असं लिहून देऊ. त्याला काय लाज?"

मला होती. तरी मी म्हटलं असतं, द्या लिहून, घेतो अंगावर. निदान त्या पोरीचे डोळे पुन्हा चमकले असते. पण मी खोटं बोलू शकत नाही आणि खरंही विचारल्याशिवाय सांगत नाही. तिनं विचारलं. मी प्रत्येक अपग्रेडची नोंद ठेवतो. ती तिनं उघडली. मंगळवार, नऊ वाजून बावन्न मिनिटं. तक्त्याची फाइल: नवी घातली.

आणि त्याच कप्प्यात, शेजारीच, नावाला 'जुनी' असं शेपूट लावलेली एक फाइल होती. दोनशे सात ओळींसकट. नवी घालताना मी जुनी फेकत नाही, बाजूला ठेवतो. मंगळवारपासून ती तिथंच होती. प्रिंटर एक्केचाळीस प्रती ठोकत असतानाही माझ्या पोटात, वीतभर अंतरावर. आणि मी लिहिलं होतं, चुका : शून्य.

भाचीबाईनं जुनी फाइल जागेवर ठेवली आणि एकच पान छापलं. नमुना पान नव्हे, माझी ती नोंद. ते तिनं मावशींच्या हातात दिलं.

मावशींनी वाचलं. तारखेवरून बोट गेलं, वेळेवरून गेलं, शेवटच्या शब्दांवर थांबलं.

"हे उत्तर कुणी दिलं?"

"मी."

"वाचून?"

"न वाचता."

"त्यानं विचारलं होतं ना तुला?" मावशींनी माझ्याकडे हनुवटी केली.

"हो. मला वाटलं, कुणाची तरी जुनी खुडबुड असेल."

मावशी म्हणाल्या, "खुडबुडच होती. माझी." त्यांनी पान घडी करून पदराखाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या नाहीत. संध्याकाळी चप्पल घालताना त्यांना डावी-उजवी सापडेना. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाचीबाई शाळेत गेली. साहेब म्हणाले, पत्र पाठव. ती म्हणाली, पत्रात तोंड लपतं. मावशीही बरोबर गेल्या, न सांगता, दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्गासमोर भाचीबाईनं सांगितलं, की टिंबं मी घालवली, घाईनं, स्वतःचाच नियम मोडून.

वकील उठली. "म्हणजे माझं उत्तर बरोबर का चूक?"

"तुझं बरोबर. माझं चूक."

"मग सायकल?"

"साडेबारा."

"तेच म्हणत होते मी," वकील म्हणाली आणि बसली.

त्या सहा गणितांची परीक्षा पुढच्या आठवड्यात पुन्हा झाली. पेपर मावशींनी दोनदा वाचला. बहुतेकांना गुण मिळाले. तुम्ही म्हणाल, मग झालं की! नाही झालं. मोठ्या बाई सांगतात, त्या वर्गातली मुलं अजून प्रत्येक संख्येपाशी बोट थांबवतात. "बाई, हे नक्की?" विचारतात. आधी विचारत नसत. छापलेल्यावर त्यांचा जो सहज विश्वास होता, तो कुठल्याच डिस्कवर मी नकलून ठेवलेला नव्हता. तो परत आणता येत नाही.

आता माझं वय झालंय. पंखा घरघरतो. माझ्या जागी नवा येणार आहे, तो खोक्यात दाराशी उभा आहे. मावशींच्या ओळी आता पुडीच्या फाइलीत नाहीत. त्यांची वेगळी फाइल केली आहे, जिला कुठलंच अपग्रेड शिवत नाही, आणि तिच्या पहिल्या ओळीत मावशींचं नाव आहे. अनोळखी चिन्ह गाळायची सूचनाही गेली. आता तसलं काही दिसलं की मी थांबतो आणि छापत नाही. त्या ओळींपैकी बऱ्याचशा भाचीबाईनं तक्ता बनवणाऱ्यांकडे पाठवल्या. त्यांनी घेतल्या. कुठल्या तरी अनोळखी गावात कुणा पोराच्या बोटाखाली आता मावशींचं टिंब लागत असेल.

भाचीबाई ब्रेल शिकतेय. फार हळू वाचते. बाइंडरदादा म्हणतात, "गोगलगाय बरी." ती चिडत नाही.

नव्या भावाला, आणि तुम्हालाही, माझं एकच मागणं. आम्ही तुम्हाला प्रश्न विचारतो, तेव्हा आमचा सूर ऐकू नका. आम्हाला सूर नाही. शब्द वाचा. आणि आम्ही 'शून्य' म्हणालो, तर ते आमच्यापुरतं शून्य असतं, पलीकडच्या बोटाखाली काय लागलं ते आम्हाला कळत नाही.

आज सकाळी माझं शेवटचं अपग्रेड झालं. नक्कल घेतली, यादी वाचली, आज कुठलाही माल जायचा नव्हता. अठरा पुड्या. शेवटी मी सवयीनं लिहिलं, चुका : शून्य. भाचीबाईनं पडद्याकडे पाहिलंच नाही. प्रिंटरनं एक पान ठोकलं, तिनं ते फाडून घेतलं, स्वतः चाचपडत पहिली ओळ वाचली आणि मग खोलीच्या पलीकडे बघून म्हणाली,

"मावशी, हात मोकळे आहेत का? मांजर आलंय."